येलदरीचा प्रश्न

दत्तरावांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावरची यादी पार तळापर्यंत खाली नेली. एकही ओळ ठळक दिसेना.

"राजेश्री, माझे न वाचलेले मेल कुठं गेले गं?"

राजेश्री जुन्या सर्व्हरपाशी फरशीवरच बसली होती. विज्ञान केंद्राचे सगळे मेल तिनं नव्या मशीनवर हलवले होते. वाटेतलं एखादं पत्र चुकू नये म्हणून जुनं मशीन अजून चालूच ठेवलं होतं. दोन्हीकडचे आकडे जुळतात, एकही मेल हरवला नाही, असं तिनं जांभई आवरत सांगितलं.

"मीच उघडले सर सगळे," कारकून सिताराम चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. "हलवायच्या आधी एकेक तपासून घेतला. खराब माल पुढं जायला नको म्हणलं."

"काका, मेल म्हंजी काय ज्वारीचं पोतं हाय का, हात घालून बघायला?" राजेश्रीनं त्याला चिडवलं.

सिताराम ओशाळून हसला. दत्तराव हसले नाहीत. रागवायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं.

जिल्ह्यातल्या शाळांमधून मुलं केंद्राला प्रश्न पाठवायची. दत्तराव उत्तर लिहीत नसत. शाळेत फोन लावून त्या मुलाशी बोलत. प्रश्न वाचला की तो पुन्हा 'न वाचलेला' करून ठेवायचा, आणि बोलणं झालं की मगच ती खूण काढायची, ही त्यांची रीत. दुसरी नोंद कुठंच नव्हती. एकाही लेकराचा प्रश्न बिनउत्तराचा राहणार नाही, असा शब्द त्यांनी शाळाशाळांतून दिला होता. आता कोण राहिलं आणि कोण झालं, हे कळायला मार्ग नव्हता.

ज्यांना उत्तर दिल्याचं आठवतं ते बाजूला काढू, म्हणजे ओझं कमी होईल, असं राजेश्रीनं सुचवलं. त्यांनी मान डोलावली आणि सगळ्यात वरचा प्रश्न घेतला. येलदरीची रेणुका, सहावीतली. 'वीज काढून घेतल्यावर धरणाच्या पाण्यात ताकद उरते का? आमच्या गव्हाला तेच पाणी जातं.'

तिच्याशी बोलल्याचं त्यांना आठवेना, म्हणून शाळेत फोन लावला. रेणुकाला बोलावून आणलं गेलं. दत्तरावांनी सावकाश समजावलं: वीज पाण्याच्या आतून काढत नाहीत, उंचावरून पडणारं पाणी चाक फिरवतं, त्यातून ती होते. पिकाला लागतं ते पाणी तसंच्या तसं पुढं जातं.

रेणुकानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर, तुमी मागं बी हेच सांगितलं होतं."

"अगं, मग आधीच का नाही बोललीस? कळलं होतं ना तेव्हा?"

"न्हाई."

"पण तू तर हो म्हणाली असशील."

"बाई शेजारी उभ्या होत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "आता खिचडी वाढायला गेल्यात."

दत्तरावांनी डोळे मिटून घेतले. समोर राजेश्रीनं माउस हातात घेतला होता.

"सर, झरीच्या शाळेचे हे चार प्रश्न तर पक्के आठवतात ना तुम्हाला? झाले म्हणून काढू बाजूला?"

त्यांनी मोबाइलवर तळहात ठेवला.

"राहू दे."

"आणि चुडाव्याचे?"

"सगळेच राहू दे यादीत. सगळ्यांनाच पुन्हा फोन करू."

मग त्यांनी खुर्ची भिंतीशी ओढली, पाठ टेकली आणि मोबाइल पुन्हा कानाला लावला.

"हं, रेणुका. आता मी गप्प बसतो, तू सांग. पाणी वरून पडलं. पुढं?"