पाच वरच राहतो

महानंदानं पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर खडूनं आडवी रेघ ओढली आणि रेघेवरचं सगळंच्या सगळं उचलून खाली मांडलं. वर उरला एक.

“झालं बघ,” ती म्हणाली आणि हात पदराला पुसले.

मेथी निवडता निवडता शिवप्रियानं, तिच्या सुनेनं, मान वळवली. गणित साधं होतं, उणे घातांक अधिक करून मांडायचा. पाच, त्याला लागून क्ष, आणि क्षच्या डोक्यावर उणे दोन. सासूबाईंनी क्षला खाली नेऊन उण्याचं अधिक केलं होतं, ते बरोबर होतं. पण त्याच्यासोबत पाचालाही नेलं होतं.

“आत्याबाई, परत पाच खाली?”

“लागूनच हाय की त्यो.”

“लागून असला तरी उणे घातांक फक्त क्षवर आहे. रेघ ओलांडायची ती एकट्या क्षनं. पाच वरच राहतो.”

हे चौथ्यांदा सांगून झालं होतं. रविवारी मुक्त विद्यालयाची आठवीची परीक्षा. सहावीत सुटलेली शाळा पंचेचाळिसाव्या वर्षी कशाला धरायची, हे अणदुरात ज्याला त्याला कोडं पडलं होतं. नवऱ्यानं, शंभुलिंगनं, तर तिनं पुस्तक उघडलं की “मास्तरीणबाई, भाकरी रेघेवर हाय का खाली?” असं विचारायचा नेमच धरला होता. महानंदा सगळ्यांना “उगंच” म्हणायची. खरं कारण वेगळं होतं. बीएस्सी झालेली ही सून घरात पाहुण्यासारखी वावरायची, विचारलं तेवढंच बोलायची. गणिताला बसलं की मात्र तासभर जवळ बसायची, हातातला खडू ओढून घ्यायची. एकदा तर “किती वेळा सांगू!” म्हणून रागावलीसुद्धा. त्या दिवशी महानंदाला जेवण गोड लागलं होतं.

“खरं सांगू का,” महानंदा झाकणाकडं बघत म्हणाली, “रेघेपल्याड ह्या क्षला एकलीला कसं धाडायचं गं? तिकडं गेलं की सगळंच बदलतंय, उण्याचं अधिक होतंय. संगं पाठराखीण नको व्हय? नवरी कुणी एकली धाडतंय का?”

बोलून झालं आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

मेथीची काडी मोडणारा हात थांबला.

“धाडतात की,” शिवप्रिया म्हणाली. “मी आलेच.”

चौदा महिन्यांमागं ही पेटी आणि ही पोरगी परंड्याहून आली, तेव्हा संगं पाठराखीण नव्हती. आई लहानपणीच गेलेली, आणि चुलतीचं ऐन वेळी पोट दुखलेलं. उंबऱ्यावर, माप ओलांडायच्या आधी, सगळ्या बायांदेखत महानंदानं विचारलं होतं, “का गं, सोबतीला एक बाई बी मिळाली न्हाय तुमच्यात?” बाया हसल्या होत्या. नवरी खाली बघत आत आली होती. ते शब्द माघारी घ्यायला महानंदानं त्यानंतर कितीदा तोंड उघडलं, आणि दर वेळी “चहा टाक” म्हणाली.

आत्ताही तिनं तोंड उघडलं. मग पदराच्या टोकानं खालचा पाच पुसला आणि वर, एकाच्या जागी लिहिला.

“बरोबर,” म्हणून शिवप्रिया मेथी घेऊन आत गेली.

रविवारी केंद्र नळदुर्गात होतं. सून सोबत आली. फाटकावरच्या शिपायानं महानंदाला “मावशी, तुम्ही भाईर थांबा” म्हणून बाजूला केलं आणि शिवप्रियाला आत सोडायला लागला.

“मी नाही, यांचा पेपर आहे,” शिवप्रिया म्हणाली आणि मागं सरली.

तिसऱ्या प्रश्नात ते गणित आलंच. आकडा तेवढा सात होता. महानंदानं रेघ ओढली. खिडकीतून फाटकापल्याडचा कडुलिंब दिसत होता, आणि त्याच्याखाली डब्याची पिशवी मांडीवर धरून बसलेली शिवप्रिया. महानंदानं क्षला खाली नेलं. सात वरच ठेवला. मग पुन्हा एकदा खिडकीबाहेर बघितलं.

सुटल्यावर शिवप्रियानं चालता चालताच विचारलं, “आकडा कुठं ठेवला?”

“वर.”

“मग पास.”

“गणितात,” महानंदा म्हणाली.

स्टँडवर सावलीला बसून तिनं डबा सोडला, भाकरी मोडली आणि मोठा तुकडा सुनेच्या हातात दिला.

“आवंदा पंचमीला परंड्याला जाशील न्हवं?”

“जाईन.”

“येताना म्या येते. आदल्या दिशीच मुक्कामाला येते तुमच्यात.”

“न्यायला? हे येतील की.”

“त्यो येईल त्याच्या बाजूनं.” महानंदानं तिच्या भाकरीवर चटणी ठेवली, तिच्याकडं न बघता. “म्या तुझ्याकडची म्हणून येणार. त्याच बायांना सांगून ठेवते. उंबऱ्यावर भाकरतुकडा दोघींवरनं ओवाळायचा म्हणावं.”

हायवेवरनं एकामागं एक ट्रक गेले. शिवप्रियानं हातातला मोठा तुकडा मधोमध मोडला आणि अर्धा परत डब्यात, सासूच्या बाजूला ठेवला.

“या मग,” ती म्हणाली. “चुलतीसारखं ऐन वेळी पोट तेवढं दुखवून घेऊ नका.”