डाव्या हातावरचा लाल डाग

मित्रांनो, दवाखान्याच्या कपाटात अगदी मागे, कापसाच्या पुडक्याला टेकून पडलेली मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. अंगाने पेन्सिलीएवढी बारीक. माझ्या अंगावरचे आकडेही आता पुसट झाले आहेत. कपाट उघडले की मला अजून तोंड लपवावेसे वाटते. का, ते सांगते.

कारखान्यात आम्ही दोघी जुळ्या बहिणी घडलो आणि एकत्रच या दवाखान्यात आलो. तेव्हा घटसर्पाची सगळ्यांना धास्ती होती. त्या रोगात घशात पडदा धरतो आणि लहान मुलाचा श्वास कोंडतो. कोणत्या मुलाला हा रोग होऊ शकेल, ते आधीच ओळखायचे आमचे काम. मी डाव्या हाताच्या कातडीत त्या रोगाच्या विषाचा अगदी विरळ केलेला थेंब सोडायची. ज्याच्या रक्तात ताकद असे तो ते विष पचवून टाकी. ज्याच्यात नसे, त्याच्या हातावर काही दिवसांनी लाल डाग उठे, आणि मग त्याला लस देत. बहीण उजव्या हातात तेच विष सोडायची, पण तापवून निकामी केलेले. दोन्ही हात सारखेच लाल झाले, तर ती नुसती कातडीची कुरकुर. त्याला लस नको. थोडक्यात, डाग उठवायची मी आणि चांगली ठरायची ती.

एकदा सिस्टर आम्हाला शाळेत घेऊन गेल्या. सिस्टर मायाळू होत्या. टोचताना त्यांनी हे सगळे मुलांना नीट समजावून सांगितले. पण त्यांच्या तोंडात एक सवय बसली होती. काही दिवसांनी पुन्हा हात तपासायला गेल्या तेव्हा हात स्वच्छ किंवा दोन्ही सारखेच दिसले की त्या "शाबास" म्हणत आणि डाग दिसला की "अरेरे". त्यांच्या मनात काही नव्हते. मोठ्या वर्गाने मात्र त्याचा आपला अर्थ लावला, की डाग म्हणजे रोग. मधल्या सुट्टीत डागवाल्या मुलांशेजारी कोणी डबासुद्धा उघडेना. ते कानावर आले आणि मी ट्रेमध्ये शरमेने गार पडले.

सुट्टीनंतर लहान वर्गाची पाळी आली. त्यात सगळे जिला खारूताई म्हणत, अशी एक चिमुरडी होती. तिने दोन्ही हात पुढे केले. दोन्ही लाल होते.

"सारखेच आहेत, सिस्टर. बघा ना," ती म्हणाली.

मागे रांग खोळंबली होती. सिस्टरांच्या ओठावर "शाबास" आलेच होते. तो शब्द तोंडातून निघून गेला असता, तर ती पोर लसीविना राहिली असती. इतक्यात त्यांचे बोट उजव्या हाताला लागले आणि ती कळवळली. तिथली कातडी सोलवटली होती.

"हे कशानं झालं गं?"

"भिंतीवर घासलं."

"का?"

ती मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही डागवाल्यांना शाबास म्हणत नाही."

सिस्टरांचा चेहरा पडला. त्या तिच्याजवळ बाकावर बसल्या. "चुकलं माझं, बाळा," त्या सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असे म्हणाल्या. "डाग म्हणजे रोग नाही. तुला लस हवी आहे, एवढंच तो सांगतो." त्यानंतर त्या दिवशी त्या कोणालाच शाबास म्हणाल्या नाहीत.

खारूताईने लसीच्या सगळ्या सुया घेतल्या. हात सुजला, ताप आला, तरी पुढच्या वेळी ती आली. काही महिन्यांनी मला पुन्हा तिच्या डाव्या हातावर नेले. मी भीतभीतच थेंब सोडला. या वेळी हात स्वच्छ राहिला. सिस्टरांनी तोंड उघडले आणि मिटले.

"म्हणा ना," खारूताई म्हणाली. "स्वच्छ हातवाल्यांना ते नुसतंच मिळालं होतं. मी किती सुया टोचून घेतल्यात."

"शाबास," सिस्टर म्हणाल्या.

पुढे सगळ्याच बाळांना लस मिळू लागली, आमची परीक्षा मागे पडली आणि मीही. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाटते ते एवढेच, की माझा डाग काही आठवड्यांत गेला, पण भिंतीचा ओरखडा तिच्या उजव्या हातावर राहून गेला. मित्रांनो, कोणाच्या अंगावर डाग दिसला, तर सरकून बसू नका. त्याला काय हवे आहे, ते आधी विचारा.