उसनी चरकी

शकुनने सत्यवतीच्या झोपडीची ताटी बाजूला सारली आणि कोपऱ्यात पाहिलं. चूल सारवलेली होती, सुपात ज्वारी होती, चरकी मात्र नव्हती. शेजारीण म्हणाली, सत्यवती पहाटेच ती डोक्यावर घेऊन तेल्हाऱ्याच्या वाटेला लागली. विकायलाच नेली असणार, हेही सांगायला ती विसरली नाही.

शकुनने झोपडीचा दुसरा कोपराही पाहून घेतला.

चरकी तिच्या आजीची. दोन लाकडी लाटांमधून, म्हणजे फिरत्या रुळांमधून, कापूस ओढायचा. पलीकडे रुई पडते, अलीकडे सरकी राहते. गेल्या हंगामात आईने, तानुबाईने, ती शकुनच्या हवाली केली होती. भाडं घ्यायचं नाही, अंगात उमेद आहे पण हाताशी हत्यार नाही अशी बाई तूच शोधून तिला दे, असं सांगितलं होतं. लोकांच्या वावरात मजुरीने कापूस वेचणारी सत्यवती शकुनने शोधली. बाप, वामनराव, तेव्हाच हसला होता. पोरीला व्यवहार शिकवायची ही कुठली तऱ्हा?

यंदा सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. अमरावतीच्या व्यापाऱ्याच्या गाड्या चार दिवसांत निघणार होत्या, आणि नेमकी आत्ताच तानुबाईच्या चरकीची लाट चिरली. गावच्या सुताराला मान वर करायची सवड नव्हती. माजघरात कापसाचा ढीग तसाच पडून होता.

शकुन हात हलवत परतली. वामनरावाने सगळं ऐकून घेतलं.

"शिकली आता तुही पोरगी," तो बायकोला म्हणाला.

तानुबाईने कापसाचं टोपलं पुढे ओढलं. ती बोटांनीच सरकी काढायला बसली. शकुन तिच्या शेजारी बसली आणि तिच्याकडे न बघता सरकी सोडवत राहिली.

दिवेलागणीला सत्यवती अंगणात येऊन उभी राहिली. तिच्या डोक्यावर दोन चरक्या होत्या. एक ओळखीची, दुसरी कोरी, बाभळीच्या लाकडाचा वास अजून न गेलेली. चरकीवर कमावलेल्या पैशांतून तिने तेल्हाऱ्याच्या सुताराला काम आधीच सांगून ठेवलं होतं; शेवटच्या जुळणीला नमुना हवा म्हणून ती जुनी सोबत घेऊन गेली होती.

"कवाचीच परत द्याची होती," दोन्ही चरक्या शकुनसमोर उतरवत ती म्हणाली, "पन रिकामी कशी आनू?"

उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत शकुनला ठाऊक होती. वाटीत गुळाचा खडा घालावा, सुपात मूठभर दाणे. चरकीत काय घालायचं, या विवंचनेत सत्यवतीने अख्खा हंगाम काढला होता.

"मंग तुही चरकी कुठी हाये, मावशी?" शकुनने विचारलं.

"सुतार करून राहिला. आधी ही करवून घेतली. दे कोनाले तरी, मले देल्ली तशी."

शकुनने कोऱ्या लाटेवरून हात फिरवला. आपण दिलेलं एवढं मोठं होऊन दारात येतं, हे तिला खरंच वाटेना. 

तानुबाई जुनी चरकी पुढे ओढून कामाला लागली. लाटा कुरकुरल्या, रुई सुटू लागली. वामनराव कोऱ्या चरकीभोवती बराच वेळ घोटाळला. ती घरातच ठेवली तर काम दुप्पट वेगाने झालं असतं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. मग त्याने ती खांद्यावर घेतली आणि पोरीसमोर येऊन उभा राहिला.

"चाल बाई," तो म्हणाला, "कोनाच्या घरी नेऊन द्याची?"