ज्याचं तोंड बघवत नाही त्याचं भलं

आगगाडी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. सिंहलद्वीपाचे एक भिक्षू लोनाडची जुनी लेणी बघायला निघाले आणि पाय मुरगळून आमच्या कळव्याच्या मिठागरावर अडकले. वस्त्रं पिवळी, म्हणून लोक त्यांना पिवळे बाबा म्हणू लागले. मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्यांनी गावाला एक नवंच खूळ लावलं. मीठ ओढून झालं की संध्याकाळी कोठाराच्या पडवीत पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून बसायचं आणि श्वास कसा येतो, कसा जातो, एवढंच बघायचं. पहिल्या दिवशी निम्मे लोक घोरायला लागले. बाबा हसले. म्हणाले, झोप लागली तर लागली, स्वतःवर चिडू नका.

बसणं जमू लागलं तसा बाबांनी पुढचा धडा दिला. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग आपल्या माणसाचं, मग परक्याचं, आणि शेवटी ज्याचं तोंड बघवत नाही त्याचं.

असा माणूस गावाला शोधावा लागला नाही. राघो होताच. पाळी नसताना त्याने खाडीचं पाणी आत घेतलं आणि शेजाऱ्यांचं तयार होत आलेलं मीठ विरघळलं. चूक त्याचीच, त्यात वाद नाही. गावकीने त्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला चुलीतला विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही. जो त्याच्या घरात पाऊल टाकेल तोही वाळीत.

मग काय, रोज संध्याकाळी सारा गाव डोळे मिटून "राघो सुखी होवो" म्हणायचा आणि सकाळी तो समोर आला की तोंड फिरवायचा. गावकीचा म्होरक्या गुणाजी तर सांगत सुटला होता, "आथा माज्या मनान राघोबद्दल कायपण नाय." खोटं बोलत नव्हता तो. फुकटचं पुण्य कुणाला नको असतं?

गोदूबाई आमच्या गावची सुईण. तीही रोज बसायची. एका संध्याकाळी सगळे डोळे मिटून बसलेले असताना राघोच्या झोपडीतून त्याच्या बायकोचं कण्हणं ऐकू आलं. पहिलटकरीण होती. कळा कधीच्या सुरू झाल्या असाव्यात, कारण आवाज दमत चालला होता. गोदूबाई उठली.

"बस खाली, गोदूबाय," गुणाजी डोळे न उघडता म्हणाला. "आपुन तिचंपण भलं चिंतू."

"तू चिंत. मी चालली."

"गेलीस तर तुजापण विस्तव बंद. तुज्या सुनेचा, नातवंडांचा."

ती पायरीवर थबकली. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा काही बोलले नाहीत. मला त्यांचा अजून राग येतो, एक शब्द टाकला असता तर काय बिघडलं असतं? गोदूबाई स्वतःच्या घरी गेली, चुलीतला विस्तव खापरीत घेतला आणि राघोच्या दारात शिरली. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी गोदूबाईची सून विहिरीवरून रिकामी कळशी घेऊन परत आली. पोरं तहानलेली. खाडीपलीकडून पाणी आणता आणता दुपार टळली.

संध्याकाळी गोदूबाई पडवीत येऊन बसली. लोक सरकले, तिच्याभोवती जागा रिकामी राहिली. तिने डोळे मिटले. स्वतःचं भलं चिंतून झालं, नातवंडांचं झालं. मग ज्याचं तोंड बघवत नाही त्याच्या जागी मनात गुणाजी आला, आणि तिथेच अडलं. बाकीचे आटोपून घरी गेले तरी ती दात आवळून बसलेलीच.

बाबा जवळ येऊन टेकले. झालं का, त्यांनी विचारलं.

"नाय," गोदूबाई म्हणाली. "राघोचं किती सोपं होतं, बाबा."