गुलमोहराचा पार

आमच्या हिमायतनगरच्या गल्लीतल्या बागेत दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सात घरचे लोक जमतो. झाडलोट, आळी करणं, कुंपणापाशी लोकांनी फेकलेलं प्लॅस्टिक वेचणं, असली कामं. सगळ्यांचे म्होरके आमचे हे, हिम्मतराव. घरात पाण्याचा ग्लास हलवणार नाहीत, बागेत मात्र मातीचं घमेलं डोक्यावर. मी सत्यवती, त्यांची बायको, झाडू मारते आणि बोलते. बोलणं कुणी ऐकत नाही ती गोष्ट वेगळी.

मागच्या वर्षी ह्यांच्या डोक्यात पार शिरला. गावाकडं मारुतीपुढं निंबाला पार आहे, म्हातारी माणसं बसतात, तसा इथं पायजे. आता बागेत निंब नाही, आहे तो गुलमोहर, मुलांच्या झोक्याशेजारी. पण ऐकतील तर हिम्मतराव कसले. पायासाठी भोवती खणलं तर मांडीएवढाली मुळं लागली. ती ह्यांनी स्वतः कुऱ्हाडीनं तोडली. मी म्हणलं, "अहो, झाडाचा पाया काढून पाराचा पाया घालायलात का?" तर म्हणे, "तुला काय कळतंय बागेतलं." वर शहाबादी फरशी बसवली आणि सगळी गल्ली तिथं गप्पा मारायला यायला लागली.

यंदा पावसाळा सरला आणि झाड कलायलंय असं मला वाटायला लागलं. झोक्याच्या बाजूला. आधी वाटलं, आपलेच डोळे. मग एकदा पारामागं झाडताना बघितलं तर जमीन उचललेली, आणि भेग अशी की माझा हात मनगटापर्यंत आत गेला. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "माती आहे, फुगती." दुसऱ्या दिवशी भेग सिमेंटनं बुजवलेली होती. ह्यांच्या पायजम्यावर सिमेंट होतं आणि हे दिवसभर माझ्याकडं बघत नव्हते.

तेव्हापासून खिडकी वाजली तरी मला धस्स व्हायचं. शेवटी कौस्तुभला सांगितलं. पुण्याचा पोरगा, कम्प्युटरच्या कंपनीत आहे, समोरच राहतो. म्हणला, "काकू, काकांनी बघितलंय ना? मग टेन्शन नका घेऊ." सगळ्यांचं हेच. काकांनी बघितलंय. बल्दियाच्या, म्हणजे महापालिकेच्या लोकांना बोलवा म्हणलं, तर हे म्हणाले, ते येतील आणि झाडच कापून टाकतील. कशाला परेशान व्हायलीस?

आज पाराला वर्ष झालं म्हणून पोह्यांचा बेत होता. समुद्राकडं कुठंतरी तुफान उठलंय म्हणे, सकाळपासून वारं सुटलेलं. कौस्तुभची लेक तन्वी झोक्यावर होती. त्याची बायको रसिका पोह्यांवर खोबरं पसरत होती. मी पाण्याचा हंडा ठेवायला पारापाशी वाकले आणि खालून, जमिनीतून, कर्र असा आवाज आला. लांबलचक.

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनीही ऐकला होता. हातातलं ताट तसंच थांबलं, तोंड पांढरं पडलं. आणि मग हे मोठ्यानं म्हणाले, "या या, बसा सगळे पारावर."

झाडापेक्षा जास्त भीती मला त्या वाक्याची वाटली. ह्या माणसाबरोबर मी जन्म काढलाय.

काय करावं सुचेना. ओरडले असते तर सगळे हसले असते, काकू घाबरट म्हणून. मग मी सरळ जाऊन पारावर मांडी घातली, झाड कललंय त्याच बाजूला.

"सगळ्यांच्या आधी मी बसते," मी म्हणाले.

"ऊठ तिथून," हे हळूच म्हणाले.

"का? पक्कं आहे ना?"

"ऊठ म्हणलं ना, सत्या."

"कारण सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, मग उठते."

वारं आलं. माझ्याखालची फरशी हलली, खरंच हलली, आणि मी डोळे मिटले. ताट खाली पडल्याचा आवाज झाला. ह्यांनी माझं मनगट धरून मला ओढून काढलं आणि मग फुटक्या आवाजात म्हणाले, "पोरीला झोक्यावरून उतरवा. सगळे गेटाबाहेर व्हा. हे पडणार आहे. ह्याची मुळं मी तोडलीत."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कौस्तुभ धावला. तन्वी साखळी सोडेना, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पोहे तिथंच राहिले.

आता आम्ही सगळे गेटाबाहेर उभे आहोत. झाड अजून उभंच आहे, वाऱ्याबरोबर कण्हतंय. कौस्तुभ बल्दियाला फोन लावतोय. ह्यांनी माझं मनगट अजून सोडलेलं नाही.

"तू बसलीस तेव्हा माझ्याच्यानं बघवलं नाही," हे म्हणाले.

"आणि ती पोर तिथं झोके घेत होती तेव्हा?"

मी मनगट सोडवून घेतलं आणि तन्वीपाशी जाऊन उभी राहिले.