तेलाची बत्ती

“आत्याबाई, पाय वर घ्या. तेल येऊन राहिलं.”

सुनेचं ऐकून सखूबाईंनी पाय वर घेतले. खाट मात्र हलवली नाही. गाडीखालून काळं तेल पितळी परातीत पडत होतं. परात दिराकडून, बाबनरावांकडून, आहेरात आलेली. घरात पत्र्याचा डबा होता, चांगला मोठा. गाडीखाली शिरलेल्या कुसुमताईंनी परातच घेतली.

*

टेलिफोन ऑफिसात कुसुमताईंच्या ट्रंक बोर्डावर दिवा लागला की कोणीतरी बोलायला थांबलेलं असतं. दर वेळी नाही. कधी तारेत पाणी शिरतं, कधी तार झाडाला टेकते, आणि पलीकडे कोणी नसताना दिवा लागतो. अशा वेळी बोर्डात खोचलेली दोरी उपटून पाहायची. उपटूनही दिवा राहिला तर समजायचं, माणूस नाही, तार बोलते आहे.

*

माग बिघडून दुरुस्त झाला की पहिला धोटा मारण्याआधी त्याला जरीचा धागा बांधायचा, ही निमजे घराण्याची रीत. आता घरात माग नाही. सखूबाई शिलाई मशीनला बांधतात. रेडिओ दुरुस्त होऊन आला तेव्हा रेडिओला बांधला. एकदा नळाला.

*

“हॅलो, कुहीहून बोलून राहिलो. नागपूर लावा, अर्जंट हाय. बाबनराव निमजे बोलतो.”

“थांबा,” कुसुमताई म्हणाल्या. ड्यूटीवरचा त्यांचा आवाज वेगळा होता. सख्ख्या दिरालाही तो ओळखू आला नाही. त्यांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि चहा प्यायल्या. सावकाश. बशीत ओतून.

*

कुसुमताईंच्या नवऱ्याच्या, देवरावांच्या, तेरवीची जेवणं झाली होती. पानं वाटली जात होती. बाबनरावांनी खिळ्यावरची फियाटची चावी काढली आणि बोटावर फिरवत फिरवत जमलेल्या माणसांत म्हणाले, “भाऊ गेला. आता गाडी कोन चालवन? वहिनीचे हात स्टेअरिंगले पुरतीन, पाय कोठी पुरते?”

माणसं हसली. तेरवीच्या घरात हसतो आहोत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

“ठेवाची तं ठेवा. एक दिवस तेलाची लाल बत्ती लागन. तवा तुमी सोता हात जोडून चावी माह्या दारात आनून द्याल.”

कुसुमताई उठल्या. दिराच्या बोटातून चावी काढून घेतली आणि कमरेला खोचली.

तेव्हा त्यांना गाडी सुरू करताही येत नव्हती.

*

आता येत होती. प्रताप नगरच्या मोकळ्या मैदानात त्या शिकल्या. गिअर बदलताना गाडी घोड्यासारखी उडायची, तेव्हा आसपासच्या बायका पोरांना अंगणात ओढून घ्यायच्या. मग उडायची थांबली. मग ड्यूटीला गाडीनं जाऊ लागल्या. आणि आज, रविवारी, बाबनरावांच्या मुलीचं, शामलाचं साक्षगंध होतं, साखरपुडा. कुहीला. सगळी बिरादरी जमणार होती, तेरवीला हसलेली माणसं धरून.

सर्व्हिसिंग वाडीच्या गॅरेजात करून घेता आलं असतं. पण गॅरेजवाला बाबनरावांच्या बैठकीतला. त्यानं सांगितलंच असतं, वहिनी आल्या होत्या गा, काही जमत नव्हतं त्यायले. म्हणून शनिवारी कुसुमताई स्वतः गाडीखाली शिरल्या. जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, नवं तेल भरलं. इंजिन सुरू केलं. लाल बत्ती लागली आणि गेली. जायलाच पाहिजे तशी गेली. रात्री त्यांना शांत झोप लागली. सूड घ्यायला निघालेल्या माणसाला इतकी शांत झोप लागू नये.

*

कुहीच्या वाटेवर दिघोरी मागे पडली आणि बत्ती लुकलुकली.

गेली.

पुन्हा लागली.

मग लागूनच राहिली.

सखूबाई मागच्या सीटवर मालकिणीसारख्या मधोमध बसल्या होत्या.

“कुसुम, थे लाल काय चमकून राहिलं वं?”

“काही नाही.”

“काही नाही तं चमकते काहून?”

“आत्याबाई, गप बसा.”

“मी का बोलली? तूच लाल होऊन राहिली.”

लाल बत्ती म्हणजे तेलाचा दाब नाही. दाब नाही म्हणजे लोखंडावर लोखंड घासतं आहे. गाडी तत्काळ थांबवायची असते, हे कुसुमताईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.

थांबलं तर बाबनराव खरे ठरतात. नाही थांबलं आणि इंजिन जाम झालं, तर त्यांचाच ट्रॅक्टर येईल, दोर बांधेल, आणि सगळ्या बिरादरीच्या डोळ्यांसमोर गाडी ओढत नेऊन त्यांच्या दारात उभी करेल. म्हणजे तरीही तेच खरे. दोन्हीकडून तो माणूस खरा ठरत होता. मेलं इंजिन तरी चालेल, पण कुहीच्या वेशीच्या आत मरू दे, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

आणि मग विहीरगावच्या अलीकडे, पानठेल्यापाशी, गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. इंजिन मारून सूड पुरा होत नाही, एवढं त्यांना त्या रागातही दिसलं.

*

बोनेट उघडल्यावर माणसं जमायला वेळ लागत नाही. ठेलेवाला नत्थूजी चुन्याचं बोट पुसत आला. मागोमाग उभ्या ट्रकमधून एक ड्रायव्हर उतरला.

“अजी बाई, ड्रायव्हर कोठी गेला?” नत्थूजीनं विचारलं.

“हे काय उभी हाय,” खिडकीतून सखूबाई म्हणाल्या.

नत्थूजीनं कुसुमताईंची करवतकाठी साडी पाहिली, मग त्यांच्या हातातला पाना पाहिला, आणि तो दोन पावलं मागं सरला.

ट्रकवाला डॅशबोर्डात डोकावून आला. “बहनजी, तेल की बत्ती है. इंजन बैठ जाएगा. किसी आदमी को बुलाओ.”

“एक आदमी हाय कुहीले. त्यालेच दाखवाले चालली.”

कुसुमताईंनी तेल मोजायची कांडी उपसली, रुमालानं पुसली, परत घालून काढली. तेल पूर्ण होतं, मधासारखं स्वच्छ. त्यांनी नत्थूजीकडून वर्तमानपत्र मागून घेतलं, रस्त्याकडेला अंथरलं आणि साडीसकट गाडीखाली वाकल्या. तेल काढायचा बोल्ट कोरडा. फिल्टर कोरडा. कुठूनही थेंब नव्हता.

“मैं बोलूँ तो,” ट्रकवाला म्हणाला, “बत्ती झूठ नहीं बोलती.”

“माह्या ऑफिसात तं रोज बोलते.”

म्हणताना त्या स्वतःच थबकल्या. रोज बोलते. मग आपण अजून दोरी का उपटली नाही?

इंजिनच्या अंगाला तेलाच्या दाबाचा स्विच होता, त्याच्या टोकाला एकच वायर. बत्ती त्याच वायरनं लागते.

“आत्याबाई, पुढं येऊन बसा. चावी अर्धी फिरवून ठेवली, हात नका लावू. बत्ती दिसते?”

“दिसते.”

कुसुमताईंनी स्विचवरून वायर उपटली. “आता?”

“दिसते.”

“नीट पाहा.”

“आंधळी नाही मी. दिसते म्हनतो नं!”

कुसुमताईंना हसू आलं. स्विचपासून सुटलेली वायर हातात होती आणि बत्ती तरीही लागलेली. म्हणजे इंजिन नाही, तेल नाही, फिल्टर नाही. काल केलेलं काहीही चुकलेलं नव्हतं. तार कुठेतरी लोखंडाला टेकली होती. त्या वायरवरून बोट नेत गेल्या. टोकाच्या उघड्या कडीपाशी बोट थांबलं.

तिथं काहीतरी चमकत होतं.

कडीभोवती तीन पदरी जर गुंडाळून गाठ मारलेली, आणि तिचं लांब शेपूट शेजारच्या लोखंडी पट्टीला चिकटलेलं.

“हे कोनी बांधलं?”

सखूबाईंनी तोंड फिरवून ट्रककडे पाहिलं. “मी. सकाळी. तू न्हात होती तवा.”

“काहून?”

“दुरुस्त झाली नं. मागाले बांधतो तसं.”

“हे इंजिन हाय, आत्याबाई, माग नाही.”

“मंग माग का झाड होता?”

नत्थूजी खो-खो हसला. कुसुमताईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

“जर म्हनजे चांदीची तार. करंट जाते तिच्यातून. तुमच्या धाग्यानं बत्ती लावली. माहा जीव गेला होता!”

“असली जर हाय म्हनून लागली,” सखूबाई म्हणाल्या. “नकली असती तं लागली असती का?”

कुसुमताईंनी पक्कड उचलली.

“तोडू नको!” सखूबाई दार ढकलून उतरल्या सुद्धा. “कोष्ट्याची सून हाय नं तू? धागा तोडते का कोनी? सोडवाचा राहते.”

“आत्याबाई, टाइम होऊन राहिला. पोळते तेथं.”

“पोळू दे.”

म्हातारीनं पदर खोचला आणि तापल्या इंजिनावर वाकली. नखानं गाठ शोधली. चटका बसला की बोट तोंडात घालायची आणि पुन्हा तिथंच न्यायची. ट्रकवाल्यानं विडी विझवली. सखूबाई बोलत होत्या, गाठीशी बोलल्यासारख्या.

“माग जाळला बाबन्यानं बंबात. माह्या सासऱ्याचा माग. आंघोळीले पानी तापवलं. मी तेथंच उभी होती. काय म्हनलं मी? काही नाही म्हनलं. देवराव होता तं म्हनला, आई, तू माह्याकडे चाल. आली.” गाठ सैल झाली. “तवापासून बाबन्याच्या दारात पाय नाही ठेवला. आज ठेवतो. तुह्या गाडीतून उतरून ठेवतो. चाल, लाव तुही वायर.”

जर त्यांनी बोटाला गुंडाळून घेतली. कुसुमताईंनी वायर बसवली, इंजिन सुरू केलं. बत्ती लागली आणि गेली.

“घ्या, पान खाऊन जा,” नत्थूजी म्हणाला.

“येताना,” कुसुमताई म्हणाल्या. “येताना दोन खाऊ.”

*

मांडवात भोंगा वाजत होता. गाडी अंगणात वळली तशी माणसं बाजूला झाली. बाबनराव नव्या सफारी सुटात पुढं आले, थेट ड्रायव्हरच्या दारापाशी, ड्रायव्हरला गाडी कुठं लावायची ते सांगायला. खिडकीत वहिनी दिसल्यावर त्यांचा हात हवेतच राहिला.

मागचं दार उघडून सखूबाई उतरल्या. लेकाकडे न पाहता, पाहुण्यांच्या मधून, सरळ चालत मांडवात गेल्या.

“तेथं नका लावू, वहिनी,” बाबनराव म्हणाले. “मांगं ट्रॅक्टर हाय. चावी द्या, मी लावतो.”

कुसुमताईंनी मागे वळून पाहिलं. ट्रॅक्टर भिंत आणि विहिरीच्या कठड्यामध्ये उभा होता, मागं पाण्याची रिकामी टाकी जोडलेली. बाहेर निघायला एकच वाट. त्यांनी गाडी रिव्हर्सला टाकली, आणि हळूहळू, एकदाही न अडखळता, त्या वाटेत आडवी लावली. काचा वर केल्या. दार लावलं. चावी कमरेला.

“वहिनी, ट्रॅक्टर काढाचा हाय. टाकी भरून आनाची हाय. विहिरीत पानी नाही पुरत.”

“काढू. जेवून घेतो.”

“पाहुने बसले आता पंगतीले.”

“मी बी बसतो.”

बाबनराव मागोमाग आले. पंगतीत त्या ऐसपैस बसल्या. वांग्याची भाजी, बुंदी, वडाभात, कढी.

“सर्व्हिसिंग कोनं केलं?” बाबनरावांनी हळू विचारलं.

“मी.”

“बत्ती गित्ती?”

“लागली होती.”

“मंग?”

“इझवली.” त्यांनी वाढणाऱ्यापुढं द्रोण धरला. “कढी वाढ गा, दादा.”

तेरवीला हसलेला एकजण समोरच बसला होता. तो आता पत्रावळीत पाहून जेवत होता. पंगतीच्या दुसऱ्या टोकाला वरपक्षाचे लोक रिकामे पेले वाजवू लागले. पाणी, पाणी. वाढणारी पोरं एकमेकांकडे पाहत होती.

पिवळ्या साडीतली शामला खाली वाकून कानाशी आली. “मोठीआई, गाडी काढ नं वं. पाहुने पानी मागून राहिले. माह्या सासूच्या कपाळाले आठ्या पडल्या.”

ही पोर कुसुमताईंची लाडकी होती. तिच्या हातात अजून नवऱ्याकडच्या बांगड्या कशातरीच बसत होत्या. कुसुमताईंचा हात कमरेकडे गेला. तेवढ्यात मांडवाच्या खांबाशी उभे बाबनराव दिसले. ते त्यांच्याकडे नाही, चावीकडे पाहत होते. हात जोडलेले नव्हते.

हात परत पत्रावळीवर आला.

“जेवू दे मले, बाई.”

शामला उभी राहिली. मग गेली.

थोड्या वेळानं बाबनराव विहिरीकडून येताना दिसले. खांद्यावर कावड, दोन्हीकडे बादल्या, तळाचं गढूळ पाणी. नवी सफारी खांद्यावर भिजून काळी झाली होती. पंगतीतून वाकून ते पेल्यांत पाणी ओतत गेले. वरपक्षाला, बिरादरीला, हसलेल्या माणसांना. कुसुमताईंच्या पेल्यापाशी आले. त्यांनी पेला पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. बाबनरावांनी तो भरला आणि पुढं गेले.

सखूबाई शेजारी बसून सगळं पाहत होत्या. “जेव,” त्या म्हणाल्या. “कढी थंडी होऊन राहिली.”

कुसुमताईंनी कढी संपवली.

*

देवरावांच्या छातीत कळ आली ती कुहीतच, याच अंगणात. त्या दुपारी फियाट सुरू झाली नाही. बाबनरावांनी ट्रॉलीत गादी टाकून भावाला झोपवलं आणि याच ट्रॅक्टरनं नागपूरला आणलं. दवाखान्यात पोचले तेव्हा देवराव जिवंत होते.