नळ्या बदललेली गाडी

पेट्रोल तुम्ही बदललंत, सरकार. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या जुन्या आहेत हे ठाऊक असूनही बदललंत, आणि पंपावर बोटभर चिठ्ठी चिकटवून मोकळे झालात. त्या चिठ्ठीचा अर्थ रत्नागिरीच्या तस्नीम फणसोपकरला कळला तो ऑक्टोबरात, डोंगराच्या चढणीवर, गाडी आचके देत बंद पडली तेव्हा.

तस्नीम उपकेंद्रात नर्स. नेमणूक नवी, गाव डोंगरातलं. एसटी सकाळी वर जाते आणि दुपारीच परत निघते. उपकेंद्र पाचपर्यंत उघडं ठेवायचं. म्हणजे गाडी आहे तर नोकरी आहे, सरळ हिशेब. गाडी पंधरा वर्षांची, नवऱ्याची. हारुन कुवेतला असतो. मे महिन्यात जाताना त्याने नेहमीसारखी टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवली. आखाताला निघालेला माणूस इकडे तसंच करतो. भरलेल्या टाकीला पावसाळ्यात आतून गंज धरत नाही, असं त्याचा बाप सांगायचा, आणि बापाच्या काळात ते खरंही होतं. तस्नीमची नेमणूक झाली ऑक्टोबरात. तोवर गाडी अंगणात उभीच.

मिरजोळ्याच्या गॅरेजात मेकॅनिक दीपकने टाकीच्या तळातलं पेट्रोल बाटलीत काढून तिच्यासमोर धरलं. वर पिवळं, खाली गढूळ पाणी.

"पाणी कुणी घातलं?"

"कुणी नाय, भाभी. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं. टोपणाचं रबर चिरलेलं, त्यात आपला पाऊस. पावसाचे चार महिने बसून पीत होती तुमची गाडी."

तिने तिथूनच हारुनला फोन लावला.

"काय गो, अब्बांनी तीस वर्षं टाकी भरून ठेवली, कधी काय झालं नाय!"

"अब्बांचं पेट्रोल वेगळं होतं."

"मग राहू दे ती गाडी. नोकरीपण सोड. मी आहे ना कमवायला?"

"तुम्ही आहात. पण वरच्या गावातल्या पोरांना सुई टोचायला तुम्ही येणार काय?"

"दीपकला दे फोन."

"कशाला? गाडी मी चालवते. काय ते मला सांगा."

रात्री बोलतो, म्हणत त्याने फोन ठेवला. तिने फोन पर्समध्ये टाकला.

दीपक म्हणाला, "टाकी धुऊन देऊ काय? चालेल महिनाभर."

"आणि मग?"

"मग परत आणा."

"मला परत आणायची नाही. ह्या पेट्रोलापुढे जे जे टिकत नाही ते सगळं काढ."

तिने चार दिवसांची रजा टाकली आणि गॅरेजात ठाण मांडलं. दीपक गाडीखाली, ही बॅटरीचा उजेड धरून बाजूला. टाकीतला पंप गंजलेला निघाला, तो नवा घातला. इंजेक्टरच्या रबरी कड्या बदलल्या. पेट्रोलची जुनी नळी तिने चिमटीत दाबली, तर शिजलेल्या माकुल माशासारखी मऊ. असली नळी गरम इंजिनाच्या कुशीत घेऊन गाडी चढण चढत होती! इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या मुंबईहून मागवल्या. कुठली नळी कुठून कुठे जाते हे तिने पाठ केलं.

"भाभी, उद्या माझंच गॅरेज घ्याल," दीपक म्हणाला.

"तुझ्या चहाची चव बघून अजून विचार करतेय."

पाचव्या दिवशी गाडी एका दमात वर गेली. नंतरच्या सोमवारी तस्नीमने ती आरटीओत तपासणीला नेली. पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. तिथल्या साहेबांनी बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्या नळ्या मूळच्या नाहीत. बदल केलाय. पास होणार नाही."

"मूळच्या नळ्या ह्या पेट्रोलाने कुजल्या, साहेब."

"तशाच परत बसवा, मग या."

"त्यापण कुजतील. इंजिनावर पेट्रोल गळलं, आग लागली, तर?"

"पेट्रोल आमचा विषय नाही."

"मग कुणाचा?"

"वरून आलंय ते."

"नळ्या नापास करायचं कुठून आलं?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, मागे लाइन आहे."

"असू दे. लाइनीतल्या सगळ्या गाड्या हेच पेट्रोल पिऊन आल्यात."

मागून कुणीतरी म्हणालं, "बोल गो बाय, बोल."

तस्नीम हटली नाही. गाडीही हलवली नाही. बॉनेटवरच कागद ठेवून तिने अर्ज लिहिला, लसीच्या नोंदी लिहिते तशा ठसठशीत अक्षरात. कारकुनाच्या पुढ्यात धरला, त्याच्याकडून आवक शिक्का मारून घेतला, तारीख टाकून घेतली. मग तोच कागद साहेबांच्या हातात दिला.

"जुन्या नळ्यांना तुमचं पेट्रोल चालत नाही. नव्या नळ्या तुम्हाला चालत नाहीत. उद्या लसीकरण आहे आणि मला वर जायचंय. ह्या गाडीत मी काय भरू, ते इथे सहीनिशी लिहून द्या. मी थांबलेय. बोला, काय भरू?"